गांगुर्डे आणि सोयाबीनचा डबा

गांगुर्डे गेल्याचा फोन आला तेव्हा मी केस काळे करायला बसलो होतो. नाशिक रोडला आमच्या कॉलनीच्या तोंडाशी एक सलून आहे, तिथे महिन्यातून एकदा माझं तारुण्य अर्ध्या तासात परत आणून देतात. डोक्याची डावी बाजू झाली होती, उजवी राहिली होती. फोनवर प्रमिलावहिनींचा आवाज अगदी साधा होता. "भाऊजी, हे गेले. या तुम्ही." मी गळ्यातलं फडकं काढलं आणि तसाच निघालो... रिक्षात बसलो, दवाखान्याचा जिना चढलो, खाटेपाशी जाऊन उभा राहिलो. नर्स सारखी माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, माझा चेहरा फार दुःखी दिसत असावा. वहिनींनी मान वर केली. रडून त्यांचे डोळे सुजले होते. त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "भाऊजी, आधी डोकं धुऊन या. कानावरून ओघळ चाललाय." अर्धं काळं, अर्धं पांढरं डोकं घेऊन त्या संध्याकाळी मी स्मशानात हात जोडून उभा होतो. भन्तेजी त्रिशरण-पंचशील म्हणत होते, लोक खालमानेनं माझ्याकडे बघत होते, आणि मला एवढंच वाटत होतं की ही गंमत ज्याला जाऊन सांगायची, तोच समोर निजलाय. तो पोट धरून हसला असता. आणि मग पुढचे सहा महिने मला शांतपणे जगू दिलं नसतं.

दिलीप गांगुर्डे आणि मी, दोघंही एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला होतो. तो कंट्रोल रूममध्ये, मी स्टोअरमध्ये. म्हणजे तो वीज तयार करायचा आणि मी त्याच्या कामात अडथळे तयार करायचो. आमची ओळखच तशी झाली. त्यानं एका मापाचं गॅस्केट मागवलं होतं, मी दुसऱ्याच मापाचं पाठवलं. ते घेऊन हा उंच, काळासावळा गडी स्टोअरच्या खिडकीत येऊन उभा राहिला आणि अतिशय नम्रपणे म्हणाला, "पाठकसाहेब, हे पायपाला बसवायचं का मनगटात घालायचं?" त्या दिवसापासून मी 'पाठकसाहेब'चा 'पाठक' झालो आणि वर्षभरात 'पाठक्या'. पुढे नाशिक रोडला आमची घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर झाली, मुलं एका शाळेत गेली, आणि दोघंही निवृत्त झाल्यावर रविवारची सकाळ त्याच्या घरी घालवायची हे न ठरवताच ठरून गेलं.

कंट्रोल रूमनं त्याच्या अंगात एक सवय मुरवली होती. तिथे काटा जागचा हलला, दाब वाढला, की घाबरून चार व्हॉल्व्ह एकदम फिरवायचे नसतात. एक फिरवायचा, थांबायचं, काटा काय म्हणतो ते बघायचं. मगच दुसऱ्याला हात लावायचा. "एका टायमाला एकच," हे तो दिवसातून दहादा म्हणायचा. हे बॉयलरपुरतं असतं तर ठीक होतं. घरी आमटी अळणी झाली आणि वहिनींनी मीठ घालून वर लिंबू पिळलं, तर हा हात आवरून बसायचा. "आता ती कशानं सुधारली ते कसं कळणार?" वहिनी म्हणायच्या, "कळून काय तिला नोकरीला लावायचीय? जेवा." मी अगदी उलट जातीचा. सर्दी झाली की काढा, गोळी, वाफ, आलेपाक, नाकात तूप, सगळं एकाच संध्याकाळी. बरा झालो की पाचही औषधांचे आभार मानायचे. गांगुर्डेला माझी ही पद्धत बघवत नसे. "तू बरा होतोस तो नशिबानं, पाठक्या. तुला अक्कल कधी येणार नाय, कारण तुला काय लागू पडलं तेच कधी समजणार नाय."

अशा माणसाला प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. लघवीची तक्रार होती, वयाची म्हणून सोडून दिली होती. मग रक्ताची तपासणी झाली, तिला पीएसए म्हणतात. त्यात आकडा जास्त आला, तुकडा काढून तपासला, आणि डॉक्टर म्हणाले, गाठ आहे, पण फार संथ चालीची आहे. लगेच काही करायला नको. दर तीन महिन्यांनी रक्त तपासू, लक्ष ठेवू, हालचाल दिसली तर उपचार सुरू करू. मला 'गाठ' एवढंच ऐकू आलं. गांगुर्डे मात्र डॉक्टरांवर खूश होऊन बाहेर आला. "माणूस आपल्यातला हाय," म्हणाला. "काट्यावर नजर ठेवतो. उगाच हात घालत नाय."

मला काही करण्याची गरज नव्हती. पण मी गप्प बसलो असतो तर हा लेख लिहायला लागला नसता. मी फोन उघडला आणि वाचत सुटलो. जपानातले लोक सोयाबीन खातात, त्यांच्यात हा आजार कमी, सोयाबीनमध्ये असं काहीतरी असतं की ज्यानं गाठीला खीळ बसते, असं कोणीतरी लिहिलं होतं. कोणी लिहिलं होतं, कशावरून लिहिलं होतं, हे बघण्याइतका धीर मला नव्हता. अर्ध्या तासात मी सोयाबीनचा तज्ज्ञ झालो. दुसऱ्या दिवशी पाच किलो सोयाबीन घेऊन गिरणीत गेलो. गिरणीवाला म्हणाला, "काका, निव्वळ सोयाबीन नाय दळत आपण. तेल सुटतं, दगडाला चिकटतं. गव्हात थोडंसं टाकून आणा." मी त्याला ऐकवलं की हे औषध आहे, औषधात भेसळ चालत नाही. माझ्या वयाकडे बघून त्यानं दळून दिलं. त्यानंतर ज्यांचे गहू त्या दगडावर गेले, त्या सगळ्या घरांत त्या दिवशीच्या पोळ्यांना कच्च्या शेंगांचा वास येत होता. कॉलनीतल्या बायका आठवडाभर माझ्या बायकोशी बोलताना नाक जरा आखडूनच बोलत होत्या. मग मी घरी सोयाबीनचं दूध काढायचा प्रयोग केला. ते कसं उतू गेलं आणि शेगडीचं काय झालं ते लिहीत नाही, कारण हा लेख आमच्या घरीही वाचला जाणार आहे. शेवटी औषधांच्या दुकानातून सोयाची तयार पावडर आणली. पिवळ्या झाकणाचा मोठा डबा. दोन चमचे दुधातून, सकाळ-संध्याकाळ.

डबा हातात घेऊन गांगुर्डेनं तो चारही बाजूंनी वाचला. "बरं," म्हणाला. "पण मग दुसरं काय नाय. तुझा कारल्याचा रस नाय, हळद नाय, गोमूत्र-बिमूत्र तर अजिबातच नाय. एका टायमाला एकच." मी विचारलं, डॉक्टरांना सांगितलंस का? तो म्हणाला, "त्यांनी विचारलं नाय, मी सांगितलं नाय. आधी काटा बघू." मलाही ते पटलं. आपण डॉक्टरांना आश्चर्याचा धक्का देऊ, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं.

पहिले काही दिवस त्याचं पोट असं फुगायचं की तो बोलता बोलता उठून गॅलरीत जायचा. पण पुढे ते थांबलं. अंगी लागलं, असं आम्ही म्हटलं. "चवही सुधारली," तो म्हणाला. "पहिल्यांदा लय कडवट लागायची." वहिनींनी मलाही एक पेला आणून दिला. मी एक घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणालो, "बघा, हा खरा सोयाचा स्वाद. चांगला माल जिभेला लगेच कळतो." वहिनी काही न बोलता आत गेल्या. आतून बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. आणि तीन महिन्यांनी तपासणीत आकडा खाली आला. थोडासाच, पण खाली. मी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. ओळखीत ज्याला ज्याला लघवीचा त्रास होता त्याला गाठून मी सोयाबीन सांगू लागलो. ज्याला त्रास नव्हता त्यालाही सांगितलं.

वर्ष असं चांगलं गेलं. मग गांगुर्डे महिनाभर पुण्याला लेकीकडे गेला आणि डबा न्यायला विसरला. परत आल्यावर तपासणी केली तर आकडा चढलेला. डॉक्टरांनी सगळे फोटो काढायला लावले, आणि आम्हा तिघांना समोर बसवून सांगितलं की गाठ आता जागची राहिलेली नाही, हाडात एके ठिकाणी ठिपका दिसतोय. हार्मोनचं इंजेक्शन सुरू करायचं, दर तीन महिन्यांनी एक. त्यानं रोग बराच काळ दाबून ठेवता येतो. पण उशीर नको, या आठवड्यातच करू.

गांगुर्डेनं शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यानं पहिल्यांदा सोयाबीनचं सांगितलं. डबा सुरू होता तेव्हा आकडा उतरला, महिनाभर डबा नव्हता तेव्हा चढला. "मला तीन महिने द्या, डॉक्टर. एक दिवस न चुकता घेतो. दोन्ही एकदम सुरू केलं तर कशानं उतरलं ते समजायचं नाय." डॉक्टर चिडले नाहीत. म्हणाले, "काका, सोयाकडून आम्हा लोकांनाही आशा होती. पण त्यानं हा कॅन्सर थांबतो असं पक्कं काही हाती लागलेलं नाही. खाण्यात सोया असायला माझी हरकत नाही. औषधाच्या जागी ते ठेवू नका. आणि आकडा थोडा खालीवर आपोआपही होतो. यापुढे जे काही घेता ते मला सांगत जा." गांगुर्डे म्हणाला, "विचार करून सांगतो."

त्याचा विचार म्हणजे काय, हे आम्हाला माहीत होतं. घरी येऊन तो खुर्चीत बसला आणि वहिनींना म्हणाला, "दूध आण. आजपासून बरोबर मोजून दोन चमचे." मी त्याला समजवायला लागलो. अरे, डॉक्टर म्हणतात, हाडात गेलंय, हट्ट करू नको. तो माझ्याकडे बघून हसला. "तूच आणलास ना डबा? आता तूच उलटा फिरतोस?" सोयाबीनचा एवढा मोठा प्रचारक चष्मा पुसत बसला. वहिनी दूध आणायला गेल्या नाहीत. दारातच उभ्या होत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

"त्या डब्यात सोयाबीन नाहीये," त्या म्हणाल्या.

"मग काय हाय?"

"डाळं. डाळ्याचं पीठ. मिक्सरमधून काढते, थोडी दुधाची पावडर घालते आणि वेलदोडा." त्या एका दमात बोलून गेल्या. "तुमचं पोट बघवत नव्हतं मला. आठवडाभर जेवला नव्हतात धड. सांगितलं असतं तर ऐकलं नसतं तुम्ही, म्हणाला असतात तीन महिने होऊ दे, मग बघू. म्हणून पहिला डबा अर्धा झाला तेव्हाच बदललं. आकडा उतरला, तुम्ही दोघं एवढे खूश झालात, मग सांगायला तोंडच राहिलं नाही."

मी आठवत होतो... डोळे मिटून घेतलेला तो घोट, तो खरा सोयाचा स्वाद. लग्नाला चाळीस वर्षं झाली तरी वहिनी नवऱ्याशी कधी खोटं बोलल्या नसाव्यात, आणि बोलल्या तेही डाळ्याच्या पिठावरून. आता तो उठून काय करेल, याचा मला अंदाज येईना. घरात भांडण होईल, रागानं तो इंजेक्शनही घेणार नाही, असंही वाटून गेलं.

गांगुर्डेनं विचारलं, "मग खरी पावडर? ती कुठे गेली? दर महिन्याला डबा आणला की यानं."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. "थालीपिठात घातली. फेकून कशी द्यायची? तुम्हाला भाकरी लागते, म्हणून रविवारी भाऊजींना थालीपीठ..."

मी दर रविवारी त्या घरी तीन-तीन थालीपिठं खात होतो. भाजणी काय खमंग आहे म्हणून घरी येऊन बायकोला टोचून सांगत होतो. गांगुर्डे आधी खांद्यानं हलला, मग पोटानं, मग त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "म्हणजे प्रयोग पाठक्यावर झाला," तो म्हणाला. "वर्षभर. न चुकता." वहिनी दाराला टेकून हसायला लागल्या आणि हसता हसता खाली बसल्या, आणि मग मात्र रडल्या. तो उठून त्यांच्याशेजारी जमिनीवर जाऊन बसला. मी उगाचच पेपर उघडून धरला. थोड्या वेळानं पेपरापलीकडून त्याचा आवाज आला, "सोयाबीनवर अन्याय झाला पण. त्याची परीक्षा झालीच नाय." आणि मग, "डॉक्टरांना फोन लाव, पाठक्या. उद्या येतो म्हणावं."

त्या इंजेक्शनांवर त्यानं चार वर्षं काढली. ती वर्षं सोपी नव्हती. थकवा यायचा, पायांची ताकद गेली, मन हळवं झालं. टीव्हीवर कोणाच्याही लेकीची पाठवणी झाली की हा डोळे पुसायचा आणि मी बघितलं का ते आधी बघायचा. सगळ्यांत वाईट म्हणजे अंगातून अचानक वाफा निघायच्या. बसल्या जागी मानेपासून कपाळापर्यंत लाल व्हायचा, बनियन ओलं. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा तो घाबरला. वहिनींनी ओला पंचा पिळून मानेवर ठेवला आणि म्हणाल्या, "काही नाही, येतं आणि जातं. हळूहळू श्वास घ्या. मला पाच वर्षं येत होतं हे." तो बघतच राहिला. "तुला? कधी?" "तुम्ही सेकंड शिफ्टला असायचात तेव्हा." नंतर आम्ही दोघंच असताना तो म्हणाला, "पाठक्या, पाच वर्षं. आणि मला आमटीतलं मीठ समजत होतं." एवढंच म्हणाला. पण त्या दिवसापासून दुपारची भांडी तो घासू लागला. माझ्या घरीही ही बातमी गेली आणि माझ्यावर भांडी आली.

या चार वर्षांत आम्ही जेवढं बोललो तेवढं आधीच्या तीस वर्षांत बोललो नव्हतो. वणीला त्याच्या गावी जाऊन आलो, त्याच्या शाळेच्या ओट्यावर बसून द्राक्षं खाल्ली. नातीला सायकल शिकवायला म्हणून तो तिच्यामागे पळू शकत नव्हता, तर त्यानं मला पळवलं, आणि स्वतः कट्ट्यावर बसून "ब्रेक, पाठक्या, ब्रेक" म्हणत राहिला. मी गटारात गेलो, नात शिकली. एकदा कट्ट्यावर बसलेला असताना तो सहज म्हणाला, "ती डब्याचं बोलली नसती त्या दिवशी, तर मी थांबलो असतो बरं का. तीन महिने पक्के. नंतर आणखी तीन." नात सायकलवरून वळून येत होती, तिच्याकडे तो बघत होता... असं बघणं मी त्याच्या डोळ्यांत एरवी कधी पाहिलं नव्हतं. शेवटी इंजेक्शनांनाही रोग जुमानेनासा झाला, कंबर दुखायला लागली, आणि दवाखान्याच्या फेऱ्या वाढल्या. शेवटच्या आठवड्यात मी खाटेशी बसलो होतो. तो डोळे मिटून होता. मला वाटलं झोपलाय. म्हणाला, "तुझा पीएसए किती?" मी म्हटलं, ठीक आहे. "असणारच," तो म्हणाला, "थालीपिठं कोणी खाल्ली?"

मागच्या रविवारी मी वहिनींकडे गेलो. नाशिकची जानेवारीतली थंडी, मी स्वेटर आणि कानटोपी घालून, आणि वहिनी शाल घेऊन बसलेल्या. हॉलमधला पंखा चालू होता. वाफांमुळे गांगुर्डेला बाराही महिने पंखा लागायचा, आणि हिवाळ्यात त्यांच्याकडे आलेल्या माणसाला वहिनी पाण्याच्या आधी शाल आणून द्यायच्या. सवयीनंच त्यांनी मलाही एक आणून दिली. चहा झाला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. त्यांची बोटं गारठून पांढरी पडली होती. मी उठलो आणि बटणाकडे हात नेला.

"राहू द्या, भाऊजी," त्या म्हणाल्या. "बंद केला की घर फार गप्प होतं."

मी परत येऊन बसलो. शाल कानापर्यंत ओढली. वहिनी आत गेल्या, तव्याचा आवाज आला, आणि आम्ही दोघांनी त्या वाऱ्यात बसून भाकरी खाल्ली.